कुठं माशी शिंकली

कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते. रात्री दात घासून बेसिनपाशी उभी असताना शिंक आली. सूचना तोंडपाठ होती : तोंड उघडं ठेवून शिंकायचं, नाक दाबायचं नाही. पण घरातले सगळे झोपले होते आणि हात सवयीनं नाकाशी गेला. शिंक आतल्या आत जिरली आणि उजव्या कानातून बारीक ‘फुस्स’ असा आवाज आला. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा निसटते ना, अगदी तसा.

हा आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. तीस वर्षं तो माझ्यासोबत होता. मधले नऊ आठवडेच काय ते तो गेला होता.

मी नवऱ्याला उठवलं नाही. अंधारात बसून राहिले आणि पुढचं जवळजवळ वर्षभर त्या एका शिंकेचा दोष स्वतःला देत राहिले. ‘दुरुस्ती कुठं माशी शिंकली म्हणून फिसकटली?’ असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, माशी नाही, मीच शिंकले.

आता मागचं थोडं सांगते. मी सात वर्षांची असताना उजवा कान फुटला. दोन दिवस ठणका, मग उशीवर पिवळा डाग, आणि ठणका एकदम गायब. पडद्यामागे साठलेल्या पुवाला वाट मिळाली की दुखणं थांबतं, त्यामुळे घरच्यांना कान बरा झाला असंच वाटलं. बहुतेक मुलांचा असा फाटलेला पडदा आपोआप भरून येतो. माझा आला नाही. नंतर प्रत्येक मोठ्या सर्दीत कान चार-आठ दिवस वाहायचा, मग वाळायचा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस, पोहणं बंद, आणि कुठंही बसताना उजवी बाजू भिंतीकडे. इतक्या वर्षांत ही सगळी व्यवस्था अंगवळणी पडली होती.

मी शिक्षिका आहे. वर्गात खरी अडचण ऐकू कमी येण्याची नव्हती, डावा कान खणखणीत होता. अडचण होती ती आवाज कुठून आला हे न कळण्याची. दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात. कुठल्या कानात आवाज आधी आणि मोठा पोचला यावरून मेंदू हिशेब मांडतो. माझा हिशेब कायम डावीकडे झुकलेला. कुणीतरी कुजबुजलं की मी डावीकडे रागानं पाहायची आणि उजवीकडची मुलं गालातल्या गालात हसायची. मुलांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. पालकांना वर्षभर कळत नाही.

छत्तिसाव्या वर्षी एकदाचं ठरवलं. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी नादकाटा वाजवून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. निरोगी कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो, मला हाडावरचा वाटला. कपाळाच्या मधोमध टेकवला तर आवाज उजवीकडे, म्हणजे आजारी कानाकडे सरकला. हे मला उलटंच वाटलं. पण नस शाबूत असून आवाज वाटेत अडत असला की असंच होतं. ऑडिओग्राममध्येही तेच दिसलं. हवेतून येणारा आवाज सरासरी ३८ डेसिबलइतका मोठा झाला की मगच ऐकू येत होता आणि हाडातून येणारा १० लाच. मधली २८ डेसिबलची दरी पडद्याच्या नावावर जमा. डॉक्टर म्हणाले, ‘‘ही दरी ४० च्या वर असती तर हाडांच्या साखळीतही बिघाड आहे अशी शंका घेतली असती.’’ हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं आपण शाळेत पाठ केलेली असतात. त्यांतल्या ऐरणीच्या लांब पायाला रक्तपुरवठा जेमतेम असतो, त्यामुळे जुनाट आजारात सगळ्यात आधी तोच झिजतो. माझा शाबूत होता.

‘‘पडदा शिवता का मग?’’ मी विचारलं. हसून त्यांनी मान हलवली. शिवण्यासारखं तिथं काही नसतंच. कानाचा पडदा जेमतेम ९-१० मिलिमीटर उंच, ८-९ रुंद आणि जाडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तेवढ्यात तीन थर : बाहेर कातडी, मधे तंतूंचा थर, आत श्लेष्मल त्वचा. जुन्या भोकाच्या काठावरून बाहेरची कातडी आत वळून बसते. जखमेचे काठ एकमेकांना शोधायचं सोडून देतात, म्हणून ते भोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. ऑपरेशनमध्ये हा काठ खरवडून ताजा करायचा आणि पडद्याच्या आतल्या बाजूनं एक ठिगळ टेकवायचं. ठिगळ स्वतः पडदा होत नाही. त्याचा मांडव होतो, आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी नवी त्वचा चढत जाते.

यशाबद्दल विचारलं, तर म्हणाले, ‘‘दहातल्या साधारण नऊ जणांचं ठिगळ धरतं.’’ हा आकडा ऐकताना आपण कधीच दहावे नसतो.

पहिलं ऑपरेशन जागेपणी झालं. कानाभोवती भुलीची इंजेक्शनं दिली. त्यात रक्तस्राव कमी करण्यासाठी अॅड्रेनलिन असतं. ते टोचल्यावर मिनिटभर छातीत धडधडलं, आणि याची कल्पना कुणीतरी आधी द्यायला हवी होती असं अजूनही वाटतं. दुखत काहीच नव्हतं, आवाज मात्र सगळे येत होते. कानाच्या आत चाललेलं काम कानालाच ऐकू येणं हा चमत्कारिक प्रकार आहे. खरवडण्याचा आवाज कुणीतरी ओल्या वाळूत पाय ओढत चालल्यासारखा, आणि सक्शनचा आवाज रेल्वे बोगद्यात शिरल्यासारखा. कानामागे चीर देऊन कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण त्यांनी काढून घेतलं. ते पसरून वाळवतात, मग ते चर्मपत्रासारखं कडक होतं आणि कापायला, सरकवायला सोपं जातं. हेच आवरण का? त्याची भूक कमी असते म्हणून. सुरुवातीचे दिवस त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आजूबाजूच्या ओलाव्यातून झिरपेल तेवढ्यावरच तगायचं असतं.

दीड तासात काम झालं. डोक्याभोवती पट्टी, सातव्या दिवशी टाके निघाले. कानाची पाळी बधिर होती, केस विंचरताना ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची. मग हळूहळू कान उघडला आणि सहा आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, ‘‘छान बसलंय.’’ त्यानंतर तीन आठवड्यांनी ती शिंक.

तपासणीत पुढच्या बाजूला एक चीर दिसली. डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, ‘‘होतं असं कधीकधी. सर्दी झाली होती का? जोरात शिंकलात का?’’ मी हो म्हटलं. विषय तिथंच संपला. ताई म्हणाली, ‘‘अगं, एवढं सांगितलं होतं ना तुला!’’ नवरा काहीच म्हणाला नाही, ते जास्त लागलं. मी तो विषय कानामागे टाकला. वण तर तिथं होताच.

वर्षभरानं, कान पुन्हा दोनदा वाहून गेल्यावर, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. सोबत आधीची फाईल होती. त्या पहिल्यांदा काहीच बोलल्या नाहीत. माझ्या ऑपरेशनची हस्तलिखित नोंद त्यांनी दोनदा वाचली. मग कानात दुर्बीण घालून चित्र स्क्रीनवर लावलं आणि मला विचारलं, ‘‘तुम्हाला भोक दिसतंय का?’’

दिसत होतं, पण अर्धंच. पडद्याचा मागचा, वरचा, खालचा भाग पांढरट, जाडसर आणि अखंड होता. पुढे मात्र कानाच्या बोगद्याची भिंत फुगून आत आली होती, उशीचा कोपरा यावा तशी, आणि तिच्याआड काळी फट अर्धवट लपली होती.

‘‘आता करंगळी कानात घाला आणि तोंड उघडा, मिटा,’’ त्या म्हणाल्या. घातली. बोटाला समोरून काहीतरी हलताना लागलं. तो जबड्याचा सांधा. बोगद्याच्या पुढच्या भिंतीला लागूनच तो असतो. बोगदा साधारण अडीच सेंटिमीटर लांब, बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आतला हाडाचा, आणि तोही सरळ नाही, वळणाचा. म्हणून तर डॉक्टर तपासताना कान वर आणि मागे ओढतात. शिवाय पडदा त्याच्या टोकाला उभा नसून तिरका लावलेला असतो, त्यामुळे पुढची भिंत मागच्या भिंतीपेक्षा लांब असते आणि पुढे तिचा नि पडद्याचा कोन अरुंद होतो. एखाद्याच्या बोगद्यात पुढच्या भिंतीला असा उंचवटा असला, की मायक्रोस्कोपनं सरळ पाहणाऱ्या सर्जनला त्या कोपऱ्यात काय चाललंय ते दिसत नाही. फाईलमधल्या नोंदीत एक वाक्य होतं. भोकाची पुढची कडा पूर्ण दिसली नाही, असं साध्या शब्दांत लिहिलेलं. वर्षभर ती फाईल माझ्याच कपाटात होती.

‘‘म्हणजे त्यांची चूक?’’ मी विचारलं.

‘‘मी तिथं नव्हते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण पुढचं भोक सगळ्यांनाच त्रास देतं.’’

मग कागदावर गोल काढून त्यांनी सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत मांडते. पडद्याच्या मागच्या भागाला रक्त बरं मिळतं. हातोडीच्या दांड्याच्या कडेनं येणारी वाहिनी तिथं पसरते. पुढच्या भागाला त्या मानानं कमी. मागे ठिगळ टेकवायला पडद्याची, बोगद्याच्या हाडाची भरपूर जागा असते. पुढे भोक अगदी काठापर्यंत गेलेलं असलं की आधाराला पडद्याची एक बारीक किनार उरते, कधी तीही नाही. आणि त्या किनारीच्या आतच, मध्यकर्णाच्या पुढच्या भिंतीत, नाकाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नळीचं तोंड उघडतं. म्हणजे ठिगळाला खालून टेकू द्यायला जी विरघळणारी स्पंजची भर घालतात, तीही पुढे नीट टिकत नाही. ठिगळाचा पुढचा काठ आत झुकतो, पडद्यापासून सुटतो, आणि मधे एक चंद्रकोरीसारखी फट राहते. सुरुवातीचे आठवडे ती पपडी आणि स्पंजाच्या अवशेषांखाली झाकलेली असते.

‘‘आणि शिंक?’’

त्यांनी थोडा विचार केला. ‘‘नाक दाबून शिंकलं की हवा नळीतून कानात घुसते, म्हणून ती सूचना बरोबरच आहे. पण नऊ आठवड्यांत जे धरायचं ते धरलेलं असतं. तुमचं मागे, वर, खाली सगळं घट्ट धरलंय. फक्त पुढची कोर सुटली. माझा अंदाज असा की ती कधी चिकटलीच नव्हती. शिंकेनं फक्त तुम्हाला ते ऐकवलं.’’

अंदाज, असंच त्या म्हणाल्या. खात्री त्यांनी दिली नाही, आणि मला ती मागावीशीही वाटली नाही. वर्षभर डोक्यावर घेतलेलं ओझं अर्धं उतरलं तरी पुरे होतं.

एक तक्ताही त्यांनी दाखवला, ‘मिडल इअर रिस्क इंडेक्स’ नावाचा. कान वाहतो का, पडद्याला भोक आहे का, हाडं कुरतडणारी कातडीची गाठ आहे का, तिन्ही हाडं शाबूत आहेत का, मध्यकर्णाची त्वचा सुजलेली आहे का, आधी ऑपरेशन झालंय का, धूम्रपान करता का. प्रत्येकाला गुण, आणि जितके जास्त तितका धोका जास्त. पहिल्या वेळी माझे गुण २ झाले असते : भोक आहे याचा १ आणि अधूनमधून वाहतो याचा १. म्हणजे धोका सौम्य. आता फसलेल्या ऑपरेशनचे २ वाढले, ४ झाले, धोका मध्यम. मी तक्ता पुन्हा पाहिला. भोक आहे की नाही हा रकाना होता. कुठं आहे हा नव्हताच. बोगद्याची भिंत फुगलेली आहे का, हाही नव्हता. तक्ता वाईट नाही, डॉक्टर स्वतः तो वापरतात, पण माझ्या कानात जे आडवं आलं ते त्यातल्या कुठल्याच ओळीत बसत नव्हतं.

मग नळीचा विषय निघाला, आणि इथं गोष्ट जरा निसरडी होते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा राहिला तरच पडदा सुखानं जगतो, आणि तो सारखा ठेवायचं काम या नळीचं. प्रौढ माणसात ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि तिरकी उतरती असते, लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून तर सर्दी झाली की मुलांचे कान लगेच धरतात. एरवी मिटलेली, गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडणारी. ही नळीच बंद असेल, तर नवा पडदाही हळूहळू आत ओढला जाणार किंवा पुन्हा फाटणार, असा साधा तर्क. माझी नळी उघडी होती, याचा पुरावा मीच नकळत दिला. कानात टाकलेल्या थेंबांची कडू चव मला मिनिटाभरात घशात लागते, असं मी तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर त्या खूश झाल्या. (थेंब त्यांनीच लिहून दिलेले होते. फाटक्या पडद्यातून कुठलंही औषध आत सोडणं बरं नाही, काही प्रतिजैविकं आतल्या कानाला इजा करू शकतात.)

नाकाचं हाड मात्र माझं उजवीकडे वाकलेलं आहे. ‘‘आधी ते सरळ करायचं का?’’ मी विचारलं. यावर कान-नाक-घसा डॉक्टरांत एकमत नाही. काही जण आधी नाक, मग कान, असा आग्रह धरतात. काही म्हणतात, नाकानं श्वास नीट घेता येतोय आणि सर्दी आटोक्यात आहे, तर त्याच्या मागे लागू नका. माझ्या डॉक्टर दुसऱ्या गटातल्या. तीन महिने नाकात फवारा मारायचा आणि तेवढा काळ कान सलग कोरडा राहिला पाहिजे, एवढीच त्यांची अट.

दुसरी वेळ असल्यामुळे त्यांनी सी.टी. स्कॅन करून घेतला. पहिल्या वेळी बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. कानामागचं हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं असतं, हवेच्या असंख्य कोठड्या. माझा डावा तसाच होता, काळा आणि जाळीदार. उजवा पांढरा, भरीव, मधे एखाददुसरी कोठडी. कुणी म्हणतात, लहानपणच्या वारंवार दुखण्यानं कोठड्यांची वाढ खुंटते. कुणी म्हणतात, मुळात कोठड्या कमी असतात म्हणूनच कान सारखा दुखतो. दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. कोठड्या कमी असल्या की पडद्याची दुरुस्ती फसते का, यावरही अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एक गोष्ट मात्र त्यातून मला उलगडली. पडदा हलतो तो त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक असतो म्हणून. भोक पडलं की आवाज मागेही शिरतो. या कोठड्या धरून मागची पोकळी मोठी असेल तर तिथं दाब फारसा चढत नाही, लहान असेल तर पटकन चढतो आणि पडदा हलायचा थांबतो, विशेषतः खालच्या स्वरांना. तेवढ्याच भोकानं दुसऱ्या कुणाचं ऐकणं माझ्याहून कमी बिघडलं असतं. ‘एवढंसं तर भोक आहे’ असं मला आजवर कितीतरी जणांनी ऐकवलं होतं.

वाट पाहायच्या त्या तीन महिन्यांत मी रात्री वाचत बसायची. १६४० मध्ये मार्कुस बान्झर नावाच्या जर्मन वैद्यानं हस्तिदंताच्या नळीला डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा ताणून बांधला आणि तो कानात बसवला. पडद्याच्या भोकावरचा नोंदलेला पहिला इलाज हाच. १८५३ मध्ये लंडनच्या जोसेफ टॉयन्बी यांनी चांदीच्या तारेवर रबराची चकती बसवली. या सगळ्या नुसत्या झाकण्या, रोज काढा-घालायच्या. आजच्या अर्थानं दुरुस्ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वुलस्टाइन आणि झ्योलनर या दोन जर्मन सर्जनांनी रुळवली, तीही शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप हाताशी आला म्हणून. थोडक्यात, दिसायला लागलं तेव्हा जमायला लागलं. माझ्या कानाचं दुखणंही तेच होतं, दिसत नव्हतं.

दुसरं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं, त्यामुळे आवाजांचा अनुभव नाही. काय केलं ते नंतर कळलं. आधी बोगद्याच्या पुढच्या भिंतीवरची कातडी उचलून, हाडाचा उंचवटा बारीक ड्रिलनं घासून सपाट केला. जपून, कारण पलीकडे जबड्याचा सांधा. मग पहिल्यांदाच भोकाची कडा सगळीकडून एका नजरेत दिसली. पुढच्या काठावर चुनखडीसारखा एक कडक पांढरा चट्टा होता, जुन्या सुजेची खूण. तो काढला, कारण त्यावर ठिगळ धरत नाही, त्याला रक्तच नसतं. आणि ठिगळ यावेळी कूर्चेचं. कानाच्या तोंडाशी जी छोटी पाकळी असते, आवाज नकोसा झाला की आपण बोटानं आत दाबतो ती, तिच्यातून एक चकती काढून, तासून पातळ केली, तिच्यावरचं अस्तर एका बाजूनं तसंच ठेवलं. कूर्चा ताठ असते. पुढे आधार नसला तरी ती आत झुकत नाही, आणि तिची भूक त्या स्नायूवरच्या आवरणासारखीच कमी. तोटा हा की ती जाड आणि अपारदर्शक. जाडीमुळे ऐकण्यात फरक पडेल का, ही भीती मला होती. पातळ तासली तर फारसा पडत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

या खेपेला दोन गोष्टी नव्या घडल्या. जबडा दुखला, आठवडाभर तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. घासकाम सांध्याच्या शेजारी झालं होतं, हे ओघानं आलंच. आणि जिभेच्या उजव्या कडेला दोन महिने नाणं ठेवल्यासारखी धातूची चव. चवीची एक बारीक नस हातोडी आणि ऐरण यांच्यामधून, पडद्याच्या अगदी मागून जाते. पडदा उचलताना ती ताणली जाते. कानाच्या ऑपरेशननं जीभ बिघडते, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांचा विश्वास बसला नाही.

अकराव्या दिवशी शिंक आली. कानात भरलेलं पॅक अजून तसंच होतं, हातात भांडं होतं. ते टाकलं, तोंड जबडा परवानगी देईल तेवढं उघडलं आणि शिंकले. घर दणाणलं. नवरा धावत आला. मी दोन मिनिटं तशीच उभी, फुस्स आवाज आला का ते पाहत. आला नव्हता, पण पॅक असताना तो येणार तरी कसा? पुढचे तीन आठवडे रोज रात्री झोपताना तोच विचार.

तीन महिन्यांनी ऑडिओग्राम. मी काचेच्या खोलीत बसून बटण दाबत होते आणि मधेच वाटलं, आपण न वाजलेलेही सूर ऐकतोय की काय. हवेतून २१ डेसिबल, हाडातून ११. दरी २८ वरून १० वर आली. ४००० हर्ट्झच्या वर थोडी खाच आहे, ती राहिली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा स्क्रीनवर चित्र लावलं. पुढच्या बाजूला सायीच्या रंगाचा एक घट्ट तुकडा, काठापर्यंत पोचलेला, मागे जुनं ठिगळ, मधे हातोडीचा दांडा. आता बोगदा सरळ दिसत होता, सगळा पडदा एका चित्रात मावत होता. ‘‘या तुकड्यामागे काय चाललंय ते मला कधीच दिसणार नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘म्हणून वर्षातून एकदा येत राहा.’’ मी पहिल्या डॉक्टरांकडेही फोटो घेऊन गेले. भांडायला नाही. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘हाड घासायला हवं होतं.’’ एवढंच. मला ते आवडलं.

तोंड उघडून शिंकायची सवय मात्र आता सुटत नाही. गेल्या आठवड्यात फळ्यावर लिहिताना अशीच एक आली, पहिल्या बाकावरच्या दोघी दचकल्या. मी पुन्हा फळ्याकडे वळले, आणि मागून कुणीतरी अगदी हळू आवाजात माझ्या शिंकेची नक्कल केली. मी खडू खाली ठेवला, वळले आणि उजवीकडच्या तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवलं. तो पोरगा डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहिला.